टॅग स्वतः काहीच शोधत नाही: ब्लूटूथ ट्रॅकर नेमका चालतो कसा?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. माणूस एका शहरात, सामान दुसऱ्या शहरात, अशी अनेकांची गत झाली. शेवटी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला सांगावं लागलं, की प्रवाशांपासून ताटातूट झालेलं सामान ४८ तासांत शोधून त्यांच्या पत्त्यावर पोचवा. अशा वेळी ज्याच्या बॅगेत दहाच्या नाण्याहून जरासा मोठा ब्लूटूथ टॅग असतो, त्याला काउंटरच्या रांगेत उभ्या उभ्या फोनवर बघता येतं, की बॅग अजून दिल्लीलाच आहे की मुंबईला उतरली.

या टॅगबद्दल लोक विचारतात ते प्रश्न साधारण ठरलेले आहेत. हे जीपीएस असतं का? सिम घालावं लागतं का? महिन्याला रिचार्ज किती? चोर सापडतो का? आणि माझ्यावरच कोणी पाळत ठेवली तर? सगळे प्रश्न रास्त आहेत, आणि सगळ्यांची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात: आपण कुठे आहोत हे टॅगला स्वतःला माहीत नसतं. ते आपल्याला कळतं अनोळखी लोकांच्या फोनमुळे. एवढं नीट ध्यानात आलं, की टॅग कुठे कामाला येईल आणि कुठे दगा देईल हे आपलं आपल्याला ओळखता येतं.

## आत असतं तरी काय?

ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला. व्यास जवळपास ३२ मिलिमीटर, जाडी ८ मिलिमीटर, वजन ११ ग्रॅम. आत एक ब्लूटूथची चिप, एक छोटा स्पीकर आणि सीआर२०३२ नावाचा चपटा सेल. गाडीच्या रिमोटमध्ये किंवा वजनकाट्यात असतो, तोच हा बटण सेल. सॅमसंगचा स्मार्टटॅग, जिओचा जिओटॅग आणि बाजारात मिळणारे बाकीचे टॅग आकाराने वेगळे असले तरी आतली मांडणी साधारण अशीच.

जीपीएस नाही, सिम नाही, इंटरनेटही नाही. गाडीला बसवतात त्या जीपीएस ट्रॅकरला दोन कामं करावी लागतात. उपग्रहांचे संकेत पकडून आपली जागा काढायची आणि मग मोबाइल नेटवर्कवरून ती मालकाला कळवायची. दोन्ही कामांना भरपूर वीज लागते, म्हणून तो ट्रॅकर गाडीच्या बॅटरीला जोडलेला असतो आणि त्याच्या सिमला रिचार्ज मारावा लागतो.

टॅग यातलं काहीच करत नाही. तो दर दोन-चार सेकंदांनी रेडिओलहरींची एक अगदी छोटी हाक देतो आणि पुन्हा झोपतो. त्याच्या त्या हाकेत जागेची माहिती नसते, फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. ब्लूटूथचा हा कमी वीज खाणारा प्रकार २०१० मध्ये आला, आणि त्यामुळेच एवढ्याशा सेलवर टॅग साधारण वर्षभर चालतो. हाक पोचते ती मात्र जवळच. मोकळ्या मैदानात वीस-तीस मीटर किंवा त्याहून थोडं जास्त, घरात भिंती आड आल्या की दहा मीटरच्या आसपास.

मग साताऱ्यात राहिलेली बॅग पुण्यात बसून कशी दिसते?

## गाईच्या गळ्यातली घंटा

रानात चरायला सोडलेल्या गाईच्या गळ्यात घंटा असते. गाय कुठे आहे हे घंटेला कळत नाही, ती नुसती वाजते. गाय जवळपास असेल तर गुराखी आवाजाच्या रोखाने जातो. लांब गेली असेल तर त्या वाटेने येणारा कोणी सांगतो, "पल्याडच्या ओढ्याला घंटा ऐकू आली बरं का." आता अशी कल्पना करा, की रानातून जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या नकळत प्रत्येक घंटेचा आवाज टिपतोय आणि कुठे ऐकला ते चिठ्ठीवर लिहून एका पेटीत टाकतोय. ब्लूटूथ टॅगचं जाळं हे असंच आहे. रस्त्यावरचे, बसमधले, दुकानातले फोन म्हणजे त्या वाटेने जाणारी माणसं.

समजा, स्वारगेटहून सुटलेल्या सातारा गाडीच्या वरच्या फळीवर तुमची बॅग राहिली आणि तुम्ही कात्रजलाच उतरून गेलात. बॅगेतला टॅग हाका देतोय. तुमच्या फोनचा आणि त्याचा संबंध केव्हाच तुटला. पण फळीखाली बसलेल्या कॉलेजच्या मुलाच्या खिशातल्या फोनने ती हाक ऐकली. त्या फोनला स्वतःची जागा माहीत असते, कारण त्याला जीपीएस आहे. त्याने "हा क्रमांक आत्ता इथे ऐकला" असा निरोप सर्व्हरला पाठवला आणि तुमच्या नकाशावर ठिपका खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आला. मुलाला यातलं काहीच कळलं नाही. त्याचा फोन वाजला नाही, पडद्यावर काही आलं नाही.

खंबाटकी घाटात रेंज गेली तर ठिपका तिथेच थांबतो. घाट उतरल्यावर कोणाच्या तरी फोनला रेंज येते आणि ठिपका एकदम आणेवाडीला उडी मारतो. शेवटी तो सातारा स्टँडवर येतो. त्याच्याखाली लिहिलेलं असतं: "३ मिनिटांपूर्वी". ही वेळ बघण्याची सवय लावून घ्या, कारण नवखा माणूस फसतो तो इथेच. ठिपका दिसतो म्हणजे वस्तू आत्ता तिथे आहे असं नाही. त्या वेळी तिथे कोणाच्या तरी फोनला हाक ऐकू आली होती, एवढंच त्यावरून कळतं. "३ मिनिटांपूर्वी" असेल तर स्टँडच्या चौकशी खिडकीला फोन लावायचा. "काल रात्री ११:४०" असेल तर गाडी एव्हाना डेपोत किंवा पुढच्या फेरीवर गेली असेल हे धरून चालायचं.

ठिपका जिथे दिसतो ती जागा ऐकणाऱ्या फोनची असते हेही विसरू नका. त्यामुळे वीस-पंचवीस मीटरचा फरक पडू शकतो, आणि इमारतीत कुठल्या मजल्यावर आहे हे नकाशा सांगत नाही.

## घरातल्या घरात किल्ली शोधताना

हे काम वेगळं. इथे अनोळखी फोन लागत नाहीत, कारण तुमचाच फोन हाक ऐकतो. ॲपमधलं बटण दाबलं की टॅग टिवटिव वाजतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं. सोफ्याच्या फटीत, धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात, भाजीच्या पिशवीच्या तळाशी.

महागड्या टॅगमध्ये अल्ट्रा वाइडबँड नावाची आणखी एक रेडिओ-यंत्रणा असते. साधं ब्लूटूथ हाकेच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधतं, आणि मध्ये भिंत किंवा माणूस आला की तो अंदाज चुकतो. अल्ट्रा वाइडबँड लहरीला जायला-यायला लागलेला वेळ मोजतं. प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जाते. तेवढा सूक्ष्म वेळ मोजता आला की अंतर वीतभराच्या फरकाने कळतं आणि पडद्यावर बाण येतो: डावीकडे, २ मीटर. यासाठी फोनमध्येही ती चिप लागते. आयफोनमध्ये ती ११ च्या मालिकेपासून आली, पण स्वस्तातल्या काही मॉडेलांत नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रवासाच्या बॅगेसाठी या सोयीचे जादा पैसे मोजण्याची गरज नाही. रोज किल्ल्या, चष्म्याची केस शोधत फिरणाऱ्या घरात मात्र ती वसूल होते.

## ऐकणारे कोण? खरेदीआधीचा खरा प्रश्न

जाळं माणसांचं आहे, तर माणसं किती आणि कुठली यावर सगळं ठरणार. टाइल नावाची अमेरिकी कंपनी २०१३ पासून असे टॅग बनवत होती. अडचण अशी होती, की हरवलेला टाइल फक्त ज्यांच्या फोनमध्ये टाइलचं ॲप आहे त्यांनाच ऐकू यायचा. अशी माणसं किती भेटणार? २०१९ मध्ये ॲपलने ऐकण्याचं काम थेट आयफोनच्या सिस्टिममध्येच घातलं. वेगळं ॲप नको, काही करायला नको, आणि जगभरातले कोट्यवधी आयफोन एका झटक्यात कान देऊन उभे राहिले. गूगलने अँड्रॉइडसाठी असंच जाळं एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडात सुरू केलं आणि नंतर इतर देशांत नेलं. आज त्याचं नाव फाइंड हब. सॅमसंगचं आपलं वेगळं जाळं आहे, ते गॅलेक्सी फोनवर चालतं.

एका जाळ्याचा टॅग दुसऱ्या जाळ्यातल्या फोनला शोधकामासाठी ऐकू येत नाही. एअरटॅग लावायला आयफोन लागतो. स्मार्टटॅगला गॅलेक्सी फोन. फाइंड हबच्या टॅगला अँड्रॉइड. जिओने तर दोन्हीकडचे टॅग काढलेत: जिओटॅग एअर ॲपलच्या जाळ्यावर, जिओटॅग गो गूगलच्या जाळ्यावर, बाजारात आले तेव्हा दोन्ही दीड हजाराच्या घरात. एअरटॅग भारतात आला तेव्हा त्याची किंमत ३,१९० रुपये होती.

तेव्हा पहिली अट तुमचा फोन. दुसरी अट मात्र दुकानदार सांगत नाही: वस्तू हरवण्याची शक्यता कुठे आहे? लंडन, दुबई, सिंगापूरच्या विमानतळांवर पावलोपावली आयफोन असतात, तिथे ॲपलचं जाळं घट्ट विणलेलं आहे. मुंबई, पुणे, पणजीतही अडत नाही. पण आपल्याकडे बहुसंख्य लोकांच्या हातात अँड्रॉइड आहे. गडचिरोलीच्या एसटीत किंवा कोकणातल्या आडगावात आयफोन क्वचितच भेटणार. तिथे कागदावर तरी गूगलचं जाळं सरस ठरायला हवं.

"कागदावर" म्हणायला कारण आहे. गूगलने लोकांच्या खासगीपणासाठी सुरुवातीपासून सावध पवित्रा घेतला. फोन जसा घरी येतो, तसा तो फक्त गर्दीच्या ठिकाणी ऐकायला मदत करतो. म्हणजे एकाच फोनने हाक ऐकली तर गूगल ठिपका दाखवत नाही, अनेक फोनांनी ऐकली की मगच दाखवतं. हेतू चांगला आहे: एकट्या माणसाचा माग त्यातून काढता येऊ नये. पण ओस पडलेल्या स्टँडवर, रिकाम्या गाडीत, रात्रीच्या डेपोत याच नियमामुळे बॅग सापडत नाही.

हे आपल्याला बदलता येतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात फाइंड हब, त्यात ऑफलाइन वस्तू शोधण्याचा पर्याय. तिथे चार निवडी दिसतात. शेवटची "सगळीकडे नेटवर्कसह" अशा अर्थाची आहे, ती निवडली की तुमचा फोन निर्जन ठिकाणीही ऐकलेली हाक एकट्याने कळवू शकतो. त्यासाठी फोनला पिन किंवा पॅटर्नचं लॉक असावं लागतं. हा बदल तुमच्या स्वतःच्या बॅगेसाठी फारसा नाही, तो दुसऱ्यांच्या बॅगांसाठी आहे. तुमची बॅग सापडायची तर हाच बदल दुसऱ्यांनी केलेला असायला हवा. म्हणून मी तो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर करून ठेवला आहे आणि भेटेल त्याला करायला सांगते.

## मग माझ्या फोनचं, माझ्या खासगीपणाचं काय?

"माझा फोन परक्यांच्या वस्तूंची खबर देतोय" हे ऐकल्यावर कोणीही बिचकेल. आधी किरकोळ भाग उरकते. बॅटरी आणि डेटा: निरोप अगदी छोटे असतात आणि फोन तसाही ब्लूटूथ ऐकतच असतो, त्यामुळे जाणवण्याइतका फरक पडत नाही.

मोठा भाग खासगीपणाचा. दोन चिंता असतात. टॅगची हाक पकडून कोणी मलाच ओळखेल का? आणि मी कुठे कुठे जातो हे कंपनीला कळेल का?

पहिलीवर उपाय असा, की हाकेतला क्रमांक कायम नसतो, ठरावीक काळाने बदलतो. घंटेचा नाद दर थोड्या वेळाने बदलावा आणि कोणता नाद आपल्या गाईचा हे फक्त मालकाला माहीत असावं, तसं. रस्त्यावर कोणी यंत्र लावून हाका टिपत बसला, तरी कालचा आणि आजचा क्रमांक एकाच टॅगचे आहेत हे त्याला जुळवता येत नाही.

दुसरीवर उपाय कुलुपाचा. हाकेतला क्रमांक हीच एक उघड किल्ली असते. ऐकणारा फोन आपली जागा त्या किल्लीने कुलूपबंद करून पाठवतो. ही किल्ली फक्त कुलूप लावू शकते, उघडू शकत नाही. उघडणारी दुसरी किल्ली टॅग लावताना मालकाच्या फोनमध्ये तयार होते आणि मालकाच्याच उपकरणांत राहते. त्यामुळे सर्व्हरवर पडून असतात त्या बंद चिठ्ठ्या. त्या ॲपलला वाचता येत नाहीत आणि पाठवणाऱ्या फोनचं नावही मालकाला कळत नाही. गूगलचं जाळंही याच तत्त्वावर आहे. शिवाय तुम्ही गूगल खात्यात घराचा पत्ता नोंदवला असेल, तर घराजवळ असताना तुमचा फोन ही मदत करत नाही.

हे नुसतं कंपन्यांच्या शब्दावर सोडून दिलेलं नाही. जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ॲपलची ही यंत्रणा उलगडून तपासली, त्यातल्या त्रुटीही दाखवल्या. मूळ रचना भक्कम आहे, पण कुठलंही सॉफ्टवेअर निर्दोष नसतं, म्हणून फोन अपडेट ठेवणं हा या सोयीचाच भाग समजावा.

## विमानात चालतो का? आणि कंपनी ऐकते का?

ऑक्टोबर २०२२ मध्ये लुफ्तान्साने चेक-इन बॅगेतले टॅग बंद ठेवावे लागतील असं सांगून गोंधळ उडवला होता. काही दिवसांतच जर्मन विमान वाहतूक यंत्रणेशी बोलून त्यांनी ते मागे घेतलं. चेक-इन सामानातल्या चालू उपकरणांच्या लिथियम बॅटरीवर मर्यादा आहे ती ०.३ ग्रॅम लिथियमची, आणि बटण सेलमध्ये असतं साधारण ०.१ ग्रॅम. तेव्हा टॅग चेक-इन बॅगेत ठेवायला हरकत नाही.

जगभरात बॅगा किती हरवतात? विमानतळांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सिटा या संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगा उशिरा पोचल्या, खराब झाल्या किंवा हरवल्या. त्यात बहुसंख्य उशिरा पोचलेल्या असतात. म्हणजे बॅग कुठेतरी असतेच, फक्त ती कुठे आहे हे कोणाला ठाऊक नसतं. टॅगचं खरं काम इथे आहे.

आधी अडचण अशी होती की प्रवासी फोन दाखवून सांगायचा, "बघा, बॅग फ्रँकफर्टला आहे," आणि काउंटरवरच्या माणसाला त्या पडद्याचं काही करता येत नसे. ॲपलने डिसेंबर २०२४ मध्ये आयफोनच्या आयओएस १८.२ या सिस्टिममध्ये एक दुवा पाठवण्याची सोय दिली. हरवलेल्या वस्तूचं ताजं ठिकाण दाखवणारी ही लिंक तुम्ही विमान कंपनीला देता, तिच्या शोधखात्यातल्या लोकांना तो ठिपका बघता येतो. बॅग तुमच्या हाती आली की, किंवा सात दिवस उलटले की लिंक आपोआप बंद होते. एअर इंडियानेही २०२५ मध्ये आपल्या बॅग-शोध सेवेत ही सोय जोडली.

पण बॅग पट्ट्यावर आली नाही, तर विमानतळावरून बाहेर पडण्याआधी लेखी तक्रार नोंदवायचीच. तिला पीआयआर म्हणतात, तिचा क्रमांक मिळतो, आणि टॅगची लिंकही त्या क्रमांकासोबतच कामाची. फोनवर ठिपका दिसतोय म्हणून निर्धास्त होऊन घरी निघून जाणं महागात पडतं. टॅग बॅगेच्या बाहेर लटकवू नका, तुटून पडतो. आतल्या कप्प्यात, कपड्यांच्या वरच्या थरात ठेवा. पत्र्याच्या डब्यात किंवा पाण्याच्या बाटलीला खेटून नको, कारण धातू आणि पाणी दोन्ही ही हाक अडवतात.

## चोर सापडेल का?

खरं उत्तर: कधी कधी, पण त्या भरवशावर टॅग घेऊ नका.

चोरीला गेलेल्या स्कूटरमध्ये लपवलेला टॅग काही तास ठिकाण दाखवेल. पण चोराकडे आयफोन किंवा अँड्रॉइड असेल, तर त्याच्या फोनवर इशारा येईल: एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय. शिवाय मालकापासून दूर गेलेला एअरटॅग ८ ते २४ तासांच्या दरम्यान कधीतरी, हलला की आपोआप वाजतो. चोर तो काढून फेकून देईल.

चोराला हा इशारा का द्यायचा, असं लोक चिडून विचारतात. कारण फोनला चोर आणि पाळत ठेवली गेलेली बाई यांच्यातला फरक कळत नाही. दोघांच्याही बाबतीत चित्र एकच असतं: दुसऱ्याचा टॅग, मालक जवळ नाही, आणि टॅग सोबत फिरतोय. चोराला अंधारात ठेवायचं तर त्या बाईलाही अंधारात ठेवावं लागेल. टाइलने २०२३ मध्ये असा प्रयोग केला. चोरीविरोधी मोड चालू केला की त्यांचा टॅग शोधणाऱ्याला दिसत नाही. त्या बदल्यात मालकाने आधी सरकारी ओळखपत्र देऊन नोंदणी करायची आणि पाळतीसाठी वापर सिद्ध झाला तर दहा लाख डॉलरचा दंड मान्य करायचा. मला हा सौदा पटत नाही. दंड नंतर बसतो, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

चोरीची वस्तू नकाशावर दिसली तर एकट्याने तिथे जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा, त्यात वेळ दिसेल असा, आणि पोलीस ठाण्यात तक्रार देताना तो जोडा. फोनच चोरीला गेला असेल तर मार्ग वेगळा आहे. तक्रारीनंतर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून तो हँडसेट ब्लॉक करता येतो.

## घंटा तुमच्या गळ्यात कोणी बांधली तर

या विषयातली सगळ्यात गंभीर बाब हीच. टॅग स्वस्त आहे, छोटा आहे, आणि पर्सच्या अस्तरात, गाडीच्या सीटखाली, नंबरप्लेटच्या मागे सहज दडवता येतो. अमेरिकेत पाळतीच्या प्रकरणांवरून ॲपलवर २०२२ मध्ये खटला दाखल झाला. दबाव वाढत गेला, तेव्हा ॲपल आणि गूगल या एरवीच्या स्पर्धकांनी मे २०२३ मध्ये एकत्र मसुदा मांडला आणि मे २०२४ पासून दोन्हीकडच्या फोनवर एकमेकांच्या जाळ्यातल्या टॅगचे इशारे यायला लागले. आता साध्या अँड्रॉइड फोनलाही लपवलेल्या एअरटॅगची सूचना मिळते.

असा इशारा आला तर आधी शांतपणे विचार करा. घरातल्याच कोणाची किल्ली, मैत्रिणीने दिलेली पिशवी, भाड्याची गाडी, यातलं काही सोबत आहे का? बऱ्याचदा कारण एवढंच असतं. तसं काही नसेल तर इशाऱ्यावर दाबून टॅग वाजवा आणि आवाजाच्या रोखाने शोधा. सापडलेला एअरटॅग पांढरी बाजू फोनकडे करून फोनच्या मागे टेकवला की एक पान उघडतं. त्यावर टॅगचा अनुक्रमांक आणि मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात. बऱ्याचदा त्या चार आकड्यांवरूनच माणूस ओळखू येतो. त्या पानाचा आणि नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या. मगच सेल काढा.

सेल काढण्याची घाई का नको, हे ज्यांच्या घरात हिंसाचार आहे त्यांनी नीट समजून घ्यावं. टॅग बंद झाला की ठिपका थांबतो आणि लावणाऱ्याला कळतं की तो सापडला. म्हणून आधी सुरक्षित ठिकाणी, शक्यतो पोलीस ठाण्यात जा. भीती वाटत असेल तर स्वतःच्या घरी जाऊ नका. ११२ वर फोन करा. बाईचा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तुमचे स्क्रीनशॉट हा पुरावा आहे. इशारा आला नाही तरी शंका असेल, तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा आणि आणीबाणी या भागात अनोळखी ट्रॅकर शोधण्याचं बटण आहे, ते स्वतः दाबून तपासता येतं.

## मुलं, आजी-आजोबा, मांजर

मुलाच्या दप्तरात टॅग ठेवणारे पालक मला बरेच दिसतात. दप्तर सापडावं म्हणून असेल तर ठीक. मूल सापडावं म्हणून असेल, तर ठिपका पंधरा मिनिटं किंवा तासभर जुना असू शकतो हे लक्षात ठेवा. विस्मरणाचा आजार असलेले आजोबा पहाटे घराबाहेर पडले, तर त्या वेळी रस्त्यावर फोनच नसतील आणि टॅग मुका राहील. त्यांच्यासाठी सिम असलेलं जीपीएस घड्याळ घ्या, आणि खिशात नाव-नंबरची चिठ्ठी असू द्या. मोकाट फिरणाऱ्या मांजरालाही हेच लागू. ॲपल स्वतःच सांगतं की एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसं आणि प्राण्यांसाठी नाही.

लहान मूल घरात असेल तर टॅग त्याच्या हाती लागू देऊ नका. एअरटॅगचं स्टीलचं झाकण अंगठ्यांनी दाबून डावीकडे फिरवलं की उघडतं आणि आतला सेल सुटा होतो. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. संशय आला तरी वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या, उलटी करवू नका.

## घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

ऑनलाइन दुकानांत चार-पाचशे रुपयांत "आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर चालतो" असं लिहिलेले टॅग दिसतात. खरेदीआधी बघायचं ते एवढंच: ॲपलच्या फाइंड माय किंवा गूगलच्या फाइंड हबवर चालतो असं स्पष्ट लिहिलंय का? दोन्ही लिहिलं असेल तरी एका वेळी एकच जाळं निवडता येतं. आणि नुसतं स्वतःचं कुठलं तरी ॲप सांगत असतील, तर तो घरातल्या किल्लीपुरता वाजणारा टॅग आहे. बाहेर त्याला ऐकणारं कोणी नाही.

टॅग घरातल्या दोघांच्या फोनवर शेअर करून ठेवा, म्हणजे गाडी दुसऱ्याने नेली की त्याला विनाकारण पाळतीचा इशारा येत नाही. सेल नामांकित कंपनीचा घ्या. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप देतात आणि असे काही सेल टॅगमध्ये नीट चालत नाहीत. लेप नसलेला घेतलात तर तो मुलांपासून आणखी जपावा लागेल.

मग एकदा चाचणी घ्या. तुमच्यासोबत शेअर नसलेल्या शेजाऱ्याला सांगून टॅग त्याच्या पिशवीत द्या आणि त्याला रोजच्या वाटेने जाऊ द्या. बाजार, बस, ऑफिस, परत. संध्याकाळी नकाशा उघडून बघा: कुठे ठिपका दर पाच मिनिटांनी ताजा होत होता, कुठे तासभर अडकला, आणि शेजाऱ्याच्या फोनवर अनोळखी ट्रॅकरचा इशारा कधी आला. तुमच्या गावात, तुमच्या वाटेवर ऐकणारे फोन किती आहेत, हे खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा या एका दिवसात जास्त नेमकं कळतं.